झिपरू पळाला

सालवडला दिनानाथच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी चार जण राक्षस मारायला बसायचे. शुक्रवारच का, तर बोईसरच्या कारखान्यांना त्या दिवशी वीज नसायची, म्हणून सुट्टी. बाकीचे लोक सुट्टीला कपडे धुवायचे, सिनेमाला जायचे, गावी जायचे. हे चौघं चटईवर मांडी घालून बसायचे आणि त्यातला एक म्हणायचा, "समोर दरवाजा आहे. आतून काहीतरी घासत घासत येतंय. बोला, काय करता?"

हा बोलणारा दिनानाथ. रंगाची भुकटी बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. मूळचा तारापूरचा, मच्छीमाराघरचा. त्याचा मावसभाऊ बोटीवर खलाशी. त्याने चौऱ्याऐंशी साली कुठल्याशा परदेशी बंदरातून एक पातळ पुस्तक आणि पिशवीभर विचित्र फासे आणून दिले. पुस्तक इंग्रजी. दिनानाथने डिक्शनरी मांडीवर घेऊन ते सहा महिन्यांत वाचून काढलं. खेळ असा, की पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस आपला मानायचा, आणि तो काय करतो ते आपण बोलायचं. जमलं का फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. वीस पडले तर कमाल, एक पडला तर फजिती.

पुस्तकातले राक्षस दिनानाथला काही जवळचे वाटेनात. मग त्याने भुयार काढलं आणि तारापूरचा पडका किल्ला घातला. आग ओकणारा अजगर काढला आणि तीन डोक्यांची घोळ मासळी घातली.

"घोळ हाय तर मारायची कशाला?" त्याची बायको सुगंधा म्हणाली. "तीन डोक्यांची म्हंजे किलोला कितीला जाईल?"

"अगं, ती माणसं खाते."

"मग आधी पोट फाडून बघू, कोण कोण हाय आत."

सुगंधा अशी. सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत खेळायची आणि खेळातला तिचा माणूस आधी कोयता मारायचा, मग चौकशी करायचा. तिसरा कमलाकांत. केळव्याचा, त्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. त्याचा माणूस मांत्रिक, आणि त्याच्या फाशाला एकाशिवाय दुसरा आकडा माहीत नव्हता. तीन वर्षांत त्याचे सात मांत्रिक मेले. एकाला तर स्वतःच्याच मंत्राने मेंढी केलं आणि सुगंधाने त्याचं मटण करू का विचारलं.

आणि चौथा झिपरू.

झिपरू सफाळ्याच्या पूर्वेकडचा, डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. वारली. कंपनीत कंत्राटी कामगार. पिंपं ढकलायची, पोती उचलायची, टाक्या धुवायच्या. लॅबमध्ये नमुन्याच्या बाटल्या आणून द्यायचा तोच, त्यामुळे दिनानाथची ओळख. एकदा शुक्रवारी तो मोहाची फुलं द्यायला खोलीवर आला, दारात उभ्याउभ्या अर्धा तास ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मला नाय का त्या किल्ल्यात येता येनार?"

येता येणार, पण अडचण ही, की खेळात प्रत्येकाचा एक कागद असतो. आपल्या माणसाची ताकद किती, जवळ काय काय आहे, ते त्यावर लिहायचं. झिपरूला वाचता येत नव्हतं. मग कमलाकांतने त्याचा कागद चित्रांचा केला. ताकद म्हणजे सहा पोती. चपळाई म्हणजे सोळा ससे. एक दोरी, एक कोयता, पेटवायच्या दोन चुडी, एक कोंबडी. कोंबडी झिपरूने हट्टाने मागून घेतली होती. सामान संपलं की चित्रावर फुली. झिपरू तो कागद घडी करून टोपीत ठेवायचा, आणि कुणापेक्षाही जास्त नीट सांभाळायचा.

तिथून कमलाकांतला चित्रांची सवय लागली, असं म्हणता येईल. तोपर्यंत त्याने आयुष्यात स्वतःची अशी रेघ काढलेली नव्हती. ट्रेसरचं काम म्हणजे इंजिनियरच्या रेघेवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तीच रेघ शाईने गिरवायची. नऊ वर्षं तो दुसऱ्यांच्या रेघा गिरवत होता. चित्रकलेची शाळा नाही, कोणी गुरू नाही. आता घरी जाऊन झालेल्या खेळाची पाच चौकटींत मस्करी काढायला लागला.

मस्करीला सगळ्यात सोपा झिपरू. कारण झिपरूची खेळायची पद्धत. दिनानाथ कसलीही खोली सांगो, सोन्याने भरलेली असो नाहीतर हाडांनी, झिपरूचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाहेर निघायची वाट कुठं हाय?"

"अरे, आत्ता तर आत आलास!"

"हा. पन निघायचं कुठनं?"

वाट कळली की तो दोन पावलं तिच्या बाजूला सरकून उभा राहायचा. राक्षस आला, की सुगंधा म्हणायची "मी हानते", कमलाकांत म्हणायचा "मी मंत्र म्हणतो", झिपरू म्हणायचा "मी पळतो". एवढंच. लाज नाही, शरम नाही. दिनानाथने एकदा विचारलंही, तुला लढायची हौसच नाही का म्हणून. तर म्हणाला, "रानात शिरलं का आधी निघायची वाट बगायची, मग लाकडं. माझा आजा तेच सांगायचा. आजा म्हातारा होऊन मेला."

कमलाकांतची पहिली चित्रपट्टी अशी होती. दरवाजा उघडतो. तीन डोक्यांची घोळ. सुगंधाने कोयता उगारलाय, मांत्रिकाच्या तोंडून मंत्राऐवजी बेडूक बाहेर पडलाय. घोळ तिन्ही तोंडांनी विचारते, "चौथा कुठंय?" आणि शेवटच्या चौकटीत लांब डोंगर, डोंगराच्या टोकाला एक ठिपका, ठिपक्यामागे धूळ. खाली लिहिलं, "झिपरू पळाला!"

झिपरूने ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा मी?"

"तूच."

"आनि ह्यो ठिपक्याला चिकटून दुसरा ठिपका?"

"कोंबडी."

झिपरू इतका हसला की त्याला ठसका लागला. सुगंधाने पाणी दिलं, तर ते नाकातून आलं. पुढचा महिनाभर तो प्रत्येकाला ती पट्टी दाखवत होता, आणि कोंबडीवर बोट ठेवून आधी स्वतःच हसत होता.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

पुढे काय झालं, तर ड्रॉइंग ऑफिसात प्रिंट काढायचं अमोनियाचं मशीन होतं. ट्रेसिंग कागद घातला की निळ्या रेघांची हुबेहूब कॉपी बाहेर. एका शनिवारी कमलाकांतने मशीनमध्ये आपली पट्टी घातली आणि कॉपी कॅन्टीनच्या बोर्डावर लावली. जेवणाच्या सुट्टीत बोर्डापुढे ही गर्दी. यूपीकडचे कामगार एकमेकांना हिंदीतून समजावून सांगत होते. मॅनेजरसाहेब चष्मा कपाळावर चढवून वाचून हसले आणि म्हणाले, "कोणी काढलं हे? आपल्याकडे आर्टिस्ट आहे?" नऊ वर्षांत साहेबाला कमलाकांतचं नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी झालं.

त्या शुक्रवारी खेळ संपल्यावर झिपरू चपला घालता घालता म्हणाला, "दादा, ते तिथं नको लावू."

"का रे? सगळ्यांना आवडलं. तू फेमस झालास."

"इथं आपन हसतो ते येगळं. तिथं ते हसतात."

"बरं बाबा, नाही लावत."

आणि पुढच्या शनिवारी लावली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आता खरं सांगायचं तर कमलाकांत काही दुष्ट नव्हता. पण लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायला लागले होते, "काय आर्टिस्ट, या वेळी कुठं पळवला?" ते ऐकल्याशिवाय त्याचा आठवडा जाईना. सात-आठ महिन्यांत झिपरूचं नाव कंपनीत पळपुट्या पडलं. हजेरीला सुपरवायझर विचारायचा, "हायेस का पळालास?" मागून कोणीतरी ओरडायचं, "अरे झिपरू, भाग!" झिपरू दात दाखवायचा आणि पिंप ढकलायला लागायचा. शुक्रवारी येतच होता. फक्त चित्रावर बोट ठेवून हसायचा बंद झाला होता, आणि हे सुगंधाच्या लक्षात आलं, कमलाकांतच्या नाही.

अठ्ठ्याऐंशी सालचा एप्रिल. मंगळवार, सकाळचे अकरा. प्लान्टमध्ये नायट्रिक अॅसिडच्या लाइनचं पॅकिंग गेलं आणि तांबूस पिवळा धूर सुटला. भोपाळ होऊन जेमतेम साडेतीन वर्षं झालेली. धूर म्हटला की माणूस दुसरं काही विचारत नाही. सगळे हातातलं टाकून वाऱ्याच्या उलट्या अंगाला, गेटकडे. पहिला गेटवर कोण पोचला हे सांगायलाच नको. झिपरू तर लिंबाखाली उभा राहून बाकीच्यांना हाताने बोलावत होता, "इकडनं, इकडनं या!" त्या दिवशी दहा-बारा माणसं त्याच्या हाताकडे बघत बाहेर पडली. हे नंतर कुणी बोललं नाही.

ड्रॉइंग ऑफिसची माणसंही बाहेर आली. कमलाकांत होता त्यांच्यात. सगळे खोकत होते. सुपरवायझर पुंजाराम घामाने भिजलेला. मास्क कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ज्या साहेबाकडे तो तारापूरला मीटिंगला. एक व्हॉल्व्ह बंद केला असता तर धूर थांबला असता. पुंजाराम म्हणत होता, "टाकीमागचा लाल चक्कर फिरवायचा, दोन मिनिटांचं काम आहे, कोणीतरी जायला पाहिजे." स्वतः मात्र जागचा हलत नव्हता. कोणीच हलत नव्हतं.

"टाकीमागं रोज कोन असतं? झिपरू ना?" कोणीतरी म्हणालं.

झिपरूने मान हलवली. जात नाही म्हणून. त्याने धुराकडे बघितलं आणि गेटकडे बघितलं.

"त्याला काय सांगता!" पुंजाराम म्हणाला. "तो बोर्डावरचा हिरो. शेवटच्या चौकटीत तो असतो कुठं!"

आणि सगळे हसले. घाबरलेली माणसं हसतात तसं, मोठ्याने. कमलाकांतही हसला. आता हे लिहायला नको वाटतं, पण त्याला जरा बरंही वाटलं, कारण विनोद त्याचा होता.

झिपरूने पुंजारामकडे बघितलं नाही. बाकी कुणाकडे बघितलं नाही. कमलाकांतकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढा. मग टोपी काढून नळाखाली भिजवली, नाकातोंडावर धरली आणि आत गेला.

पाच-सात मिनिटांनी धूर पातळ झाला आणि झिपरू चालत बाहेर आला. डोळे लाल, खोकला, बाकी ठीक. लोकांनी त्याला उचलून घेतलं. कॅन्टीनवाल्याने चहा दिला, साखर जास्त घालून. पुंजारामने खांद्यावर हात टाकला. कंपनीच्या डॉक्टरने छाती ऐकली, एक गोळी दिली आणि म्हणाला, घरी जाऊन पड. झिपरू लिंबाखाली बसला होता. कमलाकांत जवळ गेला तर म्हणाला, "दादा, आता काढ चित्र."

"काढणार तर! असा काढतो बघ."

"त्यात मला तोंड काड. आतापरेंत नुसता ठिपका नायतर पाठच काडलीस तू."

हे खरं होतं. पळणाऱ्या माणसाचं तोंड काढायची वेळच येत नाही.

कमलाकांतने दुपारभर ऑफिसात बसून पट्टी काढली. सगळे गेटकडे पळतायत आणि झिपरू एकटा उलटा. घोळ तीन डोकी खाजवत म्हणते, "आज हा चुकला वाटतं!" शेवटच्या चौकटीत मोठं तोंड काढायला घेतलं. नाक जमेना. झिपरूचं नाक कसं आहे, हे तीन वर्षं दर शुक्रवारी समोर बसूनही त्याने कधी नीट बघितलं नव्हतं. पाचदा खोडलं. शेवटी जमलं तसं काढून खिशात ठेवलं. सकाळी दाखवू म्हटलं.

तो धूर लबाड असतो. लगेच मारत नाही, छातीत जाऊन बसतो. संध्याकाळपर्यंत झिपरूचा श्वास लागला, मग ओठ निळे पडले. दिनानाथने टेम्पो करून त्याला पालघरला दवाखान्यात नेलं. कमलाकांतला सकाळी कळलं. तो पोचला तेव्हा झिपरूची बायको नवसी वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती, दोन वर्षांची ठकी मांडीवर झोपलेली. दिनानाथ पुढे आला आणि म्हणाला, "सहा वाजता गेला."

कमलाकांतचा हात आपोआप खिशावर गेला. कागद होता. तो त्याने दवाखान्याबाहेर जाऊन बारीक बारीक फाडला. तुकडे टाकायला जागा सापडेना, म्हणून परत खिशातच ठेवले.

कंपनीने बोर्डावर टाइप केलेला कागद लावला. कै. झिपरू यांनी स्वतःच्या मर्जीने, कुणीही सांगितलेलं नसताना, सहकाऱ्यांचे प्राण वाचवण्यासाठी धाडस दाखवलं. पट्टीच्या टाचण्यांची जुनी भोकं होती, त्याच भोकांत तो कागद लागला. यूनियनवाले आले, त्यांनीही भाषणात धाडसी म्हटलं. पुंजाराम रडला. खरोखर रडला. ज्याने त्याने झिपरूला इतकं धाडसी करून टाकलं की तो कोणाच्या ओळखीचा राहिला नाही.

दहा-बारा दिवसांनी नवसी सासऱ्याला घेऊन गेटवर आली. झिपरूचा डबा आणि चपला न्यायच्या होत्या, कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायचा होता. कमलाकांत दिसल्यावर ती सासऱ्याला तिथंच बसवून त्याच्याकडे आली.

"तू त्यो चित्रं काडनारा ना? तुज्या गोष्टी सांगायचा तो."

"हो."

"मला एक सांग. तो बाहेर आलेला व्हता ना? सगळी सांगतात, आधी तोच बाहेर आला."

"आला होता."

"मग परत आत का गेला?"

आजूबाजूला माणसं होती. वॉचमन ऐकत होता. कमलाकांत म्हणाला, "बाकीचे वाचावेत म्हणून गेला. धाडसी होता तो."

नवसीने त्याच्याकडे बघितलं. "तो धाडसी नव्हता," ती म्हणाली. "शाना व्हता." मग जरा थांबली, अजून काही येतंय का म्हणून. काही आलं नाही तेव्हा डबा उचलून गेली.

त्या शुक्रवारी ते तिघं बसले. का बसले ते त्यांनाही माहीत नव्हतं. सवय. दिनानाथने पुस्तक काढलं आणि तसंच मिटून ठेवलं. फासे पिशवीतच. सुगंधा सुपात सोडे निवडत होती.

"नवसी भेटली म्हनं तुमाला, भावोजी," ती म्हणाली.

कमलाकांतने सांगितलं काय बोलणं झालं ते.

"म्हंजे सांगितलं नाय."

"काय सांगायचं, वहिनी? पुंजारामने टोमणा मारला हे?"

"आनि तुमी?"

गेटवर काय झालं ते कमलाकांतनेच दिनानाथला सांगितलं होतं, दिनानाथने बायकोला. हसल्याचंसुद्धा.

दिनानाथ म्हणाला, "अगं, सांगून काय होणार? माणूस परत येणारे? नवरा शूर होता, एवढं तरी राहू दे तिच्याजवळ. पोरगी मोठी होईल, तिला सांगेल. आणि याने तोंड उघडलं तर पुंजाराम याला कंपनीत ठेवेल का?"

"तिनं तुमच्याकडं शूरपना मागितला का?" सुगंधा म्हणाली. सूप खाली ठेवलं. "ती विचारत होती का गेला. भावोजींना ठावं हाय, तो का गेला. त्या दोघांच्या मधी मी नाय, तुमी नाय, पुंजाराम नाय. तिनं विचारलं, यांनी खोटं सांगितलं. आमच्याकडं बापये दर्यावर गेलेले परत येत नायत तेव्हा बाया हेच विचारत फिरतात, शेवटचं काय झालं, काय बोलला. आनि ज्यानं बघितलं तो सांगतो. कसं का असंना, सांगतो. नायतर ती बाई जनमभर दारात बसते."

कमलाकांत उठला, चपला घातल्या. तिथून सरळ स्टेशनवर. मागे वळलो तर परत जमणार नाही, हे त्याला माहीत होतं.

सफाळ्याला उतरून एसटी मिळाली ती अर्ध्या वाटेपर्यंत. पुढे पाऊण तास चालणं. पाड्यावर विचारलं तर एका म्हातारीने वरच्या बाजूला हात केला. नवसी शेताच्या तुकड्यात होती. राब भाजायचे दिवस. पावसाआधी भाताच्या रोपासाठी जी जागा करतात, तिच्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळायचं असतं. तुकडा उतारावरचा, दगडाळ. खालचा सपाट चांगला तुकडा दुसऱ्या कुणाचा होता, तो आधीच भाजून काळा झालेला. ठकी सावलीत एका फडक्यावर बसून काटकी चोखत होती.

नवसीने त्याला येताना बघितलं आणि पाला पसरत राहिली.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," कमलाकांत म्हणाला. दम लागला होता, पण थांबला असता तर तोंड बंद झालं असतं. त्याने सगळं सांगितलं. बोर्ड, चित्रं, नको लावू म्हणाला ते, तरी लावली ते. पळपुट्या नाव. गेटवर पुंजाराम काय बोलला. सगळे हसले. "मी पण हसलो. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि गेला. मी हसलो नसतो तर गेला नसता."

नवसीचे हात थांबले.

"त्यानं तुज्याकडं बगितलं?"

"हो."

"मग गेला?"

"हो."

"सकाळचं काय बोलला का? घरचं? माझं काय बोलला का कुनाला?"

"नाही. काहीच नाही."

ती होती तिथंच खाली बसली, पाल्यात. मग बोलली ती त्याच्याशी नाही, समोरच्या खालच्या तुकड्याशी.

"त्यो तुकडा आमचा व्हता. त्याच्या भावांनी घेतला. भांडायचं तर हा उटून बोईसरला निघून गेला. सोमवारी रातच्याला आलेला, मी लय बोलले. सकाळी निघताना पन बोलले. म्हनलं, बाप्या हायस का तू? कदी तरी उबा राहशील का कुटं? तसाच गेला, भाकर पन नेली नाय." तिने तोंडावरून हात फिरवला, हाताचं शेण गालाला लागलं. "मला वाटलं, तेच डोक्यात घेऊन आत गेला. गावात सगळी बोलतात शूर, शूर, आनि मला वाटतं मीच ढकलला. पंधरा दिस झालं, माझ्या पोटात अन्न नाय."

कदाचित दोन्ही असेल, असं कमलाकांतच्या मनात आलं. सकाळचं तिचं बोलणंही असेल, अकराचं हसणंही असेल. कोणाचं किती हे आता कोण सांगणार. हे तिला बोलून दाखवलं तर आपलं ओझं थोडं कमी होईल, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं.

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला. "मी होतो तिथं. मी बघितलं. माझ्यामुळे."

नवसीने मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

ती रडली तेव्हा आवाज केला नाही. ठकीने काटकी टाकून तिच्याकडे बघितलं. मग नवसी उठली, लुगडं झटकलं.

"पंधरा दिस मी वागवलं," ती म्हणाली. "आता तू वागव. तुजं हाय."

"हो."

"माफी मागाय नाय ना आलास?"

"नाही." मागायलाच आला होता, पण ते त्याला आता म्हणताही येत नव्हतं.

तिने पाल्याचा भारा ओढायला घेतला. मोठा होता, उतारावरून खाली घसरत होता. कमलाकांतने दुसरी बाजू धरली. ती नको म्हणाली नाही, धर असंही म्हणाली नाही. दोघांनी भारा वर नेला, सोडला, पसरला. मग दुसरा. ट्रेसरचे हात, तिसऱ्या भाऱ्यालाच सोलले. ती मध्ये एकदा ठकीला पाणी पाजायला गेली. परत येताना तांब्या त्याच्यापासून चार पावलांवर ठेवला आणि कामाला लागली.

उन्हं कलेपर्यंत वरचा अर्धा तुकडा झाकून झाला. नवसीने कंबरेवर हात ठेवून तो बघितला, वारा कुठून येतोय ते बघितलं.

"आता जा," ती म्हणाली. "बाकीचं मी करीन."

तो गेला. पाड्याखालच्या वाटेला लागेपर्यंत त्याला एकदाही वळून बघायचं धाडस झालं नाही.